‘उपकरप्राप्त’ : दक्षिण मुंबईच्या पुनर्विकासामागचा एक शब्द

गिरगाव, काळबादेवी, डोंगरी, भायखळा, लालबाग. इथल्या कुठल्याही चाळीत पुनर्विकासाची सभा भरली की पहिला प्रश्न असतो तो घर किती फुटांचं मिळणार, आणि दुसरा, काम होईपर्यंतचं भाडं किती महिन्यांचं आगाऊ देणार. बिल्डरचा माणूस मात्र सभेला येण्याआधीच एक गोष्ट बघून आलेला असतो. इमारत सेसची, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर भरणारी, आहे का, आणि असेल तर कुठल्या वर्गातली. बाकीचं सगळं गणित त्या उत्तरावर बसतं. म्हणून ही टीप त्या एका शब्दाभोवतीच फिरते.

शब्द आहे ‘उपकरप्राप्त’. सरकारी कागदावर तो असाच येतो. प्राप्त म्हणजे मिळालेला. आता इमारतीला कर मिळतो कसा, हे कुणी विचारू नये. चाळीत हा शब्द कुणी उच्चारतही नाही, तिथे ‘सेसची बिल्डिंग’ म्हणतात. आमच्या खोलीच्या जुन्या भाडेपावत्या अजून एका पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यांवर भाड्याच्या आकड्याखाली महापालिकेच्या करांची ओळ आणि तिच्याखाली दुरुस्ती उपकराची ओळ. काही वर्षांत खालच्या दोन ओळींची बेरीज वरच्या भाड्यापेक्षा जास्त भरते. मालकाला मिळायचे ते मोजके रुपये, आणि करांची बेरीज त्याहून मोठी. नंतर जे काही झालं त्याची बीजं या पावतीत आहेत.

मागचं थोडक्यात. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी एक ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्ती पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या. बाकी बहुतेक चाळी खासगी मालकांच्या, गिरणीकामगार आणि कारकून यांच्या भाड्यावर उभ्या राहिलेल्या. मग महायुद्ध आलं आणि भाडी गोठली. १९४७ च्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण भाडं मानलं. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं टिकला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता वाजवी राहिलेली नाही असं म्हटलं. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली आणि तोवर चोरीछुपे चालणारी पागडीही कायदेशीर केली. पागडी म्हणजे भाड्याची खोली घेताना दिली जाणारी एकरकमी रक्कम. खोली हातबदल होताना साधारण तिसरा हिस्सा मालकाचा, हा रिवाज ज्याला ठाऊक नाही असा दक्षिण मुंबईकर विरळाच.

भाडं गोठलं तशी मालकांनी डागडुजी सोडली. साठच्या दशकात दर पावसाळ्यात इमारती पडू लागल्या. त्यावर उपाय म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचनेचा कायदा झाला. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरूला ती परवडत नाही, तेव्हा मालमत्ता कराबरोबर एक जादा कर गोळा करायचा, सरकार आणि महापालिकेने त्यात भर घालायची आणि एका मंडळाने दुरुस्ती करायची, असा तो बेत. तो जादा कर म्हणजे हा उपकर.

या कायद्याने शहरात एक रेघ मारली. पश्चिमेला माहीमपर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंतच्या इमारतींनाच उपकर. वांद्र्यातली तितकीच जुनी आणि तितकीच मोडकळीला आलेली भाडेकरूंची इमारत त्यात नाही. दुसरी रेघ तारखेची. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात. पहिल्या मोजणीत एकूण १९,६४२ इमारती भरल्या. त्यांपैकी १६,५०२ ‘अ’ वर्गातल्या, १,४८९ ‘ब’ आणि १,६५१ ‘क’ वर्गातल्या. तिसरी रेघ मालकीची. सरकार, महापालिका किंवा गोदी यांच्या मालकीच्या इमारती, सहकारी सोसायट्या आणि मालक स्वतःच राहतो अशी घरं उपकरातून वगळली. वय, पडझड आणि धोका सारखाच असला तरी या तीन रेघांच्या आत कोण आणि बाहेर कोण यावर पुढची पन्नास वर्षं ठरली.

हे लक्षात ठेवायला हवं, कारण १९६९ मध्ये हा शब्द फक्त कराचा होता. कुठल्या इमारतीकडून पैसे घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. पुनर्विकासाचा हक्क, जादा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण), विक्रीची घरं यांतलं काहीही त्यात नव्हतं.

दुरुस्तीचं काय झालं ते चाळीत राहिलेल्यांनी पाहिलंच आहे. दर चौरस मीटरला खर्चाची मर्यादा ठरलेली. खर्च त्यावर गेला तर वरचे पैसे भाडेकरूंनी भरायचे, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असं ठरायचं. त्यामुळे दुरुस्तीचं सर्वांत ओळखीचं रूप म्हणजे टेकू. जिन्याखाली, सज्जाखाली, कधी कधी खोलीच्या मधोमध उभी केलेली लाकडी बल्ली आणि तिच्या डोक्यावर ठोकलेली फळी. पोरं त्या बल्लीला स्टंप मानून खेळायची, बायका तिला दोरी बांधून कपडे वाळत घालायच्या. तात्पुरता टेकू पंधरा वर्षं तसाच. ज्यांची इमारत खाली केली ते तात्पुरत्या राहण्याच्या संक्रमण शिबिरात गेले, आणि त्यांतल्या अनेकांची पुढची पिढी तिथेच वाढली.

१९८५ मध्ये केंद्राचं १०० कोटींचं अनुदान आलं आणि त्यातून काही इमारती पाडून नव्या बांधल्या गेल्या. १९८६ मध्ये राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या (म्हाडा) कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातलं गेलं. ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी सोसायटीसाठी एकत्र येऊन मागणी केली तर सरकारने इमारत संपादित करावी आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या १०० पट रक्कम द्यावी, अशी ती तरतूद. महिना ३० रुपये भाडं असलेल्या खोलीचे ३,००० रुपये! मालक न्यायालयात गेले यात नवल नाही. उच्च न्यायालयाने तरतूद उचलून धरली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मोठ्या, आणखी मोठ्या खंडपीठाकडे सरकत २००२ मध्ये नऊ न्यायाधीशांपर्यंत पोचलं.

खरी उलथापालथ १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि विशेषतः १९९९ च्या जानेवारीतल्या बदलाने झाली. त्यातल्या नियमाचा ३३(७) हा आकडा तेव्हापासून चाळीतल्या पोरांनाही पाठ आहे. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला अडीच एफएसआय, किंवा जुन्या रहिवाशांच्या घरांसाठी लागेल तेवढा एफएसआय अधिक त्याच्या ५० टक्के प्रोत्साहन, यांतलं जे जास्त असेल ते. ७० टक्के रहिवाशांची संमती पुरेशी. आणि रहिवाशाला किमान २२५ फुटांचं घर मालकीने.

या सूत्राचा अर्थ मांडून बघा. समजा २,००० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि रहिवाशांच्या घरांना १०,००० चौरस मीटर बांधकाम लागतं. अडीच एफएसआयने ५,००० होतात, म्हणजे रहिवासीसुद्धा मावत नाहीत. दुसऱ्या सूत्राने १०,००० अधिक ५,००० विक्रीला. भूखंड तोच, पण एफएसआय साडेसात. वर मर्यादा नाही. म्हणजे भाडेकरू जितके जास्त तितकी विक्रीची घरं जास्त. दोनशे वर्षांच्या व्यापारी पेठेला हे गणित कुणी शिकवावं लागलं नाही. खोल्यांचे पोटभाग पाडून भाडेकरू ‘वाढवले’ जाऊ लागले तर काय, म्हणून १३ जून १९९६ ही तारीख ठरली. त्यानंतर निर्माण केलेलं भाडेकरूपण धरायचं नाही. चाळीत रेशनकार्ड आणि जुनं वीजबिल जपून ठेवायची जी सवय लागली ती यामुळे.

तर दुरुस्तीसाठी लावलेल्या कराचं नाव आता एफएसआयचा परवाना झालं. तीस वर्षांपूर्वी ज्या यादीत असणं म्हणजे जादा भुर्दंड होता, त्याच यादीत असणं आता नशीब उघडल्यासारखं होतं. माझ्या मते दक्षिण मुंबईचं आजचं रूप, गल्लीत उभे राहिलेले काडीसारखे मनोरे, खाली सहा-सात मजले गाड्यांचे आणि त्यावर पुजेची खोली असलेले फ्लॅट, हे सगळं कुठल्या विकास आराखड्यापेक्षा या एका शब्दाच्या अर्थबदलातून आलेलं आहे. रस्ता तेवढाच राहिला, जलवाहिनी तेवढीच, आणि इमारतींमधली मोकळी जागा कमी सोडण्याची सवलतही वर मिळाली. मालकांची बाजू लिहायची तर गोठलेल्या भाड्यावर पन्नास वर्षं काढल्यावर त्यांच्याही हाती पहिल्यांदा काही लागलं.

एकेका इमारतीच्या मनोऱ्याऐवजी अख्खा मोहल्ला एकत्र बांधावा म्हणून २००९ मध्ये ३३(९) ची समूह योजना सुधारली गेली. शहरात किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्र, चार एफएसआय. भेंडीबाजारचा साडेसोळा एकरांचा प्रकल्प याच काळातला. २०१७ च्या ३१ ऑगस्टला त्याच प्रकल्पाच्या हद्दीत, पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. योजना मंजूर होणं आणि घर रिकामं होणं यांत किती अंतर असतं ते तेव्हा दिसलं.

शब्दाचा गुंता पुरता उघड झाला तो १६ जुलै २०१९ ला. डोंगरीत टांडेल स्ट्रीटवर केसरबाई इमारत कोसळली. ढिगाऱ्याखालून माणसं काढणं चालू असतानाच पहिला प्रश्न विचारला गेला, ती सेसची होती का? गल्ली इतकी चिंचोळी की यंत्रं आत जाईनात. माणसांची साखळी करून हातोहात विटा बाहेर येत होत्या. इकडे खुलासे सुरू. दुरुस्ती मंडळ म्हणालं, मूळ केसरबाई आमच्या यादीत आहे, पण पडलेला भाग तिला लागून नंतर झालेलं बेकायदा बांधकाम. तो उपकरप्राप्त नाही. मग त्याची जबाबदारी महापालिकेची. महापालिकेच्या जुन्या नोटिशीत नेमका कुठला भाग अभिप्रेत होता, यावर वेगळा वाद. एकाच नावाची, एकाच जिन्याने ओळखली जाणारी जागा, तिचा अर्धा भाग शब्दाच्या आत आणि अर्धा बाहेर. आत राहणाऱ्यांना ही रेघ ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. ते वर्षानुवर्षं पत्त्यावर केसरबाईच लिहीत होते.

अशा कडेला सांडलेल्या इमारती आणखीही होत्या. मंडळाने सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्वतः पाडून नव्या बांधलेल्या इमारतींचंच घ्या. त्या मंडळाच्या मालकीच्या झाल्या, म्हणजे उपकराच्या चौकटीतून बाहेर पडल्या. त्या लहानशा खोल्या आता जुन्या चाळींइतक्याच खिळखिळ्या, पण ३३(७) त्यांना लागू नव्हता. ज्यांची चाळ मंडळाने बांधली नाही ते ५०० फुटांची बोलणी करतात, आणि ज्यांचं नशीब म्हणून लवकर नवी इमारत मिळाली ते अडकले. अखेर त्यांच्यासाठी ३३(२४) हा वेगळा नियम काढावा लागला. उपकराबाहेरच्या भाडेकरूंच्या इमारतींसाठी २०१८ च्या नियमावलीत ३३(७)(अ) आला. त्याच नियमावलीत संमतीची अट ७० वरून ५१ टक्क्यांवर उतरली. उरलेल्या ४९ टक्क्यांत कोण असतात हे पाहिलं तर बहुधा दुकानदार आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका सापडतात.

मालक बांधत नाही, बिल्डर अर्ध्यावर सोडून जातो, अशा इमारतींसाठी २०२० मध्ये ७९-अ हे कलम विधिमंडळात मंजूर झालं. राष्ट्रपतींची संमती २०२२ मध्ये मिळाली. धोकादायक ठरलेल्या उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला सहा महिने, नाही जमलं तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, तरीही नाही तर मंडळाने ताब्यात घेऊन बांधायची. १९८६ च्या १०० पट भाड्याच्या तुलनेत मालकाचा मोबदला इथे खूपच बरा, रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, येणाऱ्या जमिनीच्या किमतीच्या २५ टक्के किंवा विक्रीच्या बांधकामातला १५ टक्के, यांतलं जास्त. नोव्हेंबर २०२४ मध्ये आठ-अ च्या त्या खटल्यात नऊ न्यायाधीशांचा निकाल आला. प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची भौतिक संपत्ती मानता येणार नाही, असं बहुमताने सांगितलं गेलं. आठ-अ प्रकरण टिकतं की नाही हा मूळ प्रश्न मात्र नेहमीच्या खंडपीठाकडे परत गेला.

७९-अ खाली नऊशेहून अधिक नोटिसा निघाल्या होत्या. वाद पुन्हा एका शब्दावर आला. इमारत ‘धोकादायक’ ठरवणारा ‘सक्षम प्राधिकारी’ कोण? मंडळाच्या कार्यकारी अभियंत्याने नुसत्या डोळ्यांनी पाहून तसं ठरवलं तर चालेल का, की आधी रीतसर संरचनात्मक तपासणी हवी? जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या नोटिसांना स्थगिती देऊन चौकशीसाठी समिती नेमली. स्थगिती मिळालेल्या इमारतींचे भाडेकरू तेव्हा जागेवरच राहिले, टेकूही जागेवर, आणि करबिलात दुरुस्ती उपकराची ओळ येतच होती.