माया बे ‘बंद’ होती, पण कोणासाठी?

फी फी बेटांवर डाइव्हिंग सुरू आहे की बंद, हा घोळ 2018 पासूनचा. त्याच्या मुळाशी ‘बंद’ हा एकच शब्द आहे. थायलंडच्या या बेटांवर तो निदान तीन अर्थांनी वापरला गेलाय.

गाजला तो माया बेचा, म्हणजे इथल्या एका छोट्या खाडीचा, ‘बंद’. 1999 मध्ये हॉलिवूडच्या एका सिनेमासाठी तिथली वाळू सपाट करून माड लावले गेले. प्रकरण कोर्टात गेले आणि 2022 पर्यंत रेंगाळले. सिनेमापाठोपाठ गर्दी आली, ऐन हंगामात दिवसाला 5,000 माणसांच्या घरात. स्पीडबोटींच्या नांगरांनी उथळ पाण्यातले प्रवाळ मोडले. 1 जून 2018 ला बे चार महिन्यांसाठी बंद झाली, ऑक्टोबरमध्ये ती मुदत बेमुदत झाली आणि पर्यटक पुन्हा आत गेले ते थेट 1 जानेवारी 2022 ला. बोटी आता मागच्या लो समाह बाजूला लागतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात दरवर्षी सुट्टी असते. काळ्या टोकाचे शार्क किनाऱ्यालगत परतले, हे बंदचे यश म्हणून सांगतात. ते खरेच, पण मधली दोन वर्षे कोविडची होती, हे सांगताना बहुतेकांचा आवाज खाली येतो.

स्थानिक बोटवाल्यांचा राग समजण्यासारखा होता. डायव्हरांचे मात्र फारसे काही गेले नाही. त्यांच्या खऱ्या जागा, म्हणजे बिदा नोक आणि बिदा नाय, बेच्या बाहेर दक्षिणेला आहेत आणि त्या या आदेशात नव्हत्याच.

डायव्हरांना खरा फटका बसला तो आधीच्या बंदचा. 2010 च्या उन्हाळ्यात पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले आणि जानेवारी 2011 मध्ये थायलंडच्या समुद्री उद्यानांतल्या 18 डाइव्ह साइट बंद केल्या गेल्या. वाद तेव्हाही झाला: पाणी तापवले हवेने, शिक्षा डायव्हरला का? पण आजारी प्रवाळाला फिनचा (डायव्हरच्या पायातल्या रबरी पराचा) एक फटकाही जड जातो, त्यामुळे माझ्या मते तो निर्णय माया बेपेक्षा अधिक मुद्देसूद होता. बिनसिनेमाचा होता, म्हणून विस्मरणात गेला.

तिसरा अर्थ रोजचा, पावसाळी वाऱ्यात बोटी निघत नाहीत तो. तो कोणाच्या आदेशाने होत नाही.

याआधीचे थोडक्यात. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत टोन साय आणि लो दालम या दोन खाड्यांमधली वाळूची चिंचोळी पट्टी दोन्ही बाजूंनी पाण्याखाली गेली, आणि नंतर कित्येक महिने डायव्हर तळातून गाद्या, पत्रे, भांडी उपसत होते. 4 मे 1997 ला फुकेतहून फी फीला निघालेली ‘किंग क्रूझर’ फेरी अ‍ॅनिमोनी रीफ या पाण्याखालच्या खडकावर आपटून बुडाली. प्रवासी वाचले आणि सुमारे 30 मीटरवर एक नवी साइट तयार झाली. राष्ट्रीय उद्यान 1983 चे. बेटांचे उभे कडे मात्र पर्मियन काळातल्या चुनखडीचे, पंचवीस कोटी वर्षांहून जुने. लाटांनी आणि विरघळण्याने ते पाण्याच्या रेषेपाशी आत कोरले गेलेत. हिमयुगात समुद्र सुमारे 120 मीटर खाली होता, म्हणजे आज डायव्हर जिथे भिंतीलगत तरंगतो, तिथे तेव्हा कोरडी जमीन होती.