माहितीपटातली तस्करी आणि खान्देशातली

मानवी तस्करीवरचे ख्रिस्ती श्रद्धेतून काढलेले माहितीपट एकदोन पाहिले की तिसऱ्याची गोष्ट आधीच कळते. आधी अंधारी गल्ली, लाल दिवे, पाठमोरी मुलगी. मग दलालाची मुलाखत, छुपा कॅमेरा, पोलिसांची धाड. शेवटी सुटून आलेल्या बाईची साक्ष: कशी बुडाले होते, प्रभूने कसं वर काढलं. 2011 साली आलेला 'नेफेरियस: मर्चंट ऑफ सोल्स' हा या जातीतला गाजलेला माहितीपट. दिग्दर्शक बेंजामिन नोलट, संस्था अमेरिकेतली 'एक्झोडस क्राय', आणि तिची सुरुवात प्रार्थनासभेतून झालेली. नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये किंवा धुळे-जळगावच्या एखाद्या कॉलेजात असं काही दाखवलं गेलं, तर त्यामागे सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे हे ठाऊक असलेलं बरं. हा साचा सिनेमाच्याही आधीचा आहे.

तो घडला लंडनमध्ये, 1885 साली. 'पॉल मॉल गॅझेट'चा संपादक विल्यम स्टेड याला दाखवायचं होतं की या शहरात कोवळी मुलगी विकत मिळते. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या ब्रॅमवेल बूथची त्याला मदत होती. कधीकाळी हाच धंदा केलेली आणि पुढे साल्व्हेशन आर्मीत आलेली रिबेका जॅरेट मध्यस्थ झाली, आणि एलायझा आर्मस्ट्राँग नावाची तेरा वर्षांची मुलगी 5 पौंडांत 'घेतली' गेली. जुलैत लेखमाला सुरू झाली आणि लंडन पेटलं. ऑगस्टमध्ये संमतिवय 13 वरून 16 करणारा कायदा मंजूर झाला. आणि स्टेड गेला तुरुंगात, तीन महिने, कारण मुलीला नेताना बापाची परवानगी घेतलेली नव्हती. वेश पालटून तपास, हादरवणारा मजकूर, पश्चात्ताप झालेली साक्षीदार, कायद्यासाठी दबाव: आजचा प्रत्येक असा माहितीपट याच पायवाटेने जातो. त्या सगळ्या खटाटोपात एलायझाला काय हवं होतं, हे मात्र कोणी विचारल्याचं दिसत नाही.

हिंदुस्थानाचा संबंध फौजेमुळे आला. गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून 1864 च्या छावणी कायद्याने आणि 1868 च्या संसर्गजन्य रोग कायद्याने बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. शिपायांना कोणी हात लावला नाही. समाजसुधारक जोसेफिन बटलर इंग्लंडात अशाच कायद्यांविरुद्ध बायबल हातात घेऊन लढत होती. इकडचा कायदा 1888 मध्ये कागदावरून गेला, पण छावण्यांत पद्धत चालूच राहिली. 1891-92 मध्ये एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकन ख्रिस्ती बायकांनी छावण्या फिरून त्याचे पुरावे गोळा केले. तसं काही नाही म्हणणाऱ्या सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सना 1893 मध्ये माफी मागावी लागली.

मराठीत या परंपरेचं पहिलं ठळक नाव पंडिता रमाबाईंचं. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक आश्रयगृह दाखवायला नेलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या भगिनी मायेने वागवताना त्यांनी पाहिलं. आपल्याकडे अशा स्त्रीला दार उघडताना कोणी दिसलं नव्हतं, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. पुढे केडगावला त्यांच्या मुक्तिसदनाच्या आवारात अशाच बायकांसाठी 'कृपासदन' उभं राहिलं ते त्यातूनच. 1897 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, तेव्हा दुष्काळी छावण्यांभोवती मुली पळवणारे घिरट्या घालतात हे त्यांनी लिहून ठेवलं. दुष्काळ आणि दलाल एकाच वाटेने येतात, हे निरीक्षण आजही खोटं ठरलेलं नाही. हिंदू बाजूने प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे जेजुरीच्या मुरळी प्रथेविरुद्ध, म्हणजे मुली खंडोबाला वाहण्याविरुद्ध, उभे राहिले. तोही श्रद्धेतूनच आलेला लढा, पण स्वतःच्याच देवळाच्या पायरीवरचा. म्हणून मला तो जास्त अवघड वाटतो.

कायद्यांचा पुढचा प्रवास थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांचा तस्करीविरोधी 1949 चा करार, त्यावरून आपला 1956 चा कायदा, 1986 पासून त्याचं नाव 'पिटा', म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. देहविक्रय हा त्यात गुन्हा नाही; कुंटणखाना चालवणं, दलाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक शोधणं हे गुन्हे. 1999 मध्ये स्वीडनने विकणारीला सोडून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, आणि 'एक्झोडस क्राय'सारख्या संस्था हाच कायदा जगभर मागतात. 2000 साली मानवी तस्करीवरचा संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो करार आला, भारताने तो 2011 मध्ये स्वीकारला. मधल्या काळात अमेरिकेने 2003 च्या कायद्यात एड्स निधीला अट जोडली की संस्थेने वेश्याव्यवसायाविरुद्ध भूमिका जाहीर करावी. देहविक्रय करणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने ती अट नाकारली आणि अमेरिकी निधी सोडला. त्या बायकांचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला वाचवायला येण्याआधी आम्हाला विचारा. हा वाद माहितीपटांत सहसा येत नाही.

आता आपल्याकडचे तीन धागे. पहिला जळगावचा. खान्देशात लैंगिक शोषणाचं नाव काढलं की एका पिढीला 1994 चं जळगावच आठवतं. तिथे परदेशी दलाल नव्हता आणि साखळदंड नव्हते. ओळख वाढवायची, फोटो काढायचे, मग त्या फोटोंच्या धाकावर पुन्हा पुन्हा बोलवायचं. राजकीय वजन असलेल्यांची नावं पुढे आली, सीआयडीचा तपास झाला, त्यात पोलीस अधिकारी मीरां बोरवणकर होत्या. वर्तमानपत्रांत पीडित मुलींचा आकडा शेकड्यांत फिरत होता. तक्रार द्यायला आल्या मोजक्या आणि कोर्टात टिकल्या त्याहून कमी. कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. तोंड उघडलं की सोयरीक मोडणार, आणि जिचा काही संबंध नव्हता अशा जळगावच्या मुलीलाही स्थळं नाकारली जात होती. संमतीशिवाय खासगी चित्रण करणं हा स्वतंत्र गुन्हा व्हायला पुढची बरीच वर्षं गेली: आधी आयटी कायद्यातली 2008 ची दुरुस्ती, मग 2013 चं भारतीय दंड संहितेतलं कलम 354 क. धाड घालून सोडवता येईल अशी यात कोणतीच खोली नव्हती. मुली रोज आपापल्या घरीच झोपत होत्या.

दुसरा धागा उचलीचा, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेल्या पैशांचा. नवापूर, साक्री, अक्कलकुवा भागातून जोडपी ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडच्या कारखान्यांवर जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत माणूस त्याचा. नवराबायको मिळून एक 'कोयता'. बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद आहे. पालेर्मोच्या व्याख्येत तस्करीसाठी बळजबरीच लागते असं नाही, अगतिकतेचा फायदा घेणंही पुरतं. पण फडातल्या पालावर राहणाऱ्या बाईला पीडित म्हणायला कॅमेरा येत नाही, कारण ती पाठमोरी बसलेली नसते, ऊस तोडत असते.

तिसरा धागा लग्नाचा. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या. 2001 मध्ये 880 होत्या. बोहल्यावर चढायला मुली मिळेनात, तेव्हा एजंट आले. लाख-दोन लाख घेऊन बाहेरगावची मुलगी आणून द्यायची. ती चार दिवसांत दागिने घेऊन पळाली की बातमी होते, नवऱ्याची बाजू छापून येते. तिला कोणी आणलं, पैसे कोणाकडे गेले आणि याआधी तिची किती लग्नं लावली गेली, हे बातमीच्या शेवटच्या ओळीतही नसतं.

याउलट जिथे साचा बसतो तिथे यंत्रणा झटकन हलते. 30 मे 2023 रोजी दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर बिहारची 59 मुलं उतरवून घेतली गेली. सोबतच्या पाच जणांवर कलम 370 खाली मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला. मुलं बालगृहात, माणसं कोठडीत. ती मुलं मदरशात शिकायला निघाली होती. मार्च 2024 मध्ये रेल्वे पोलिसांनी गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचं सांगत प्रकरण बंद केलं. अटकेची बातमी देशभर गेली. प्रकरण बंद झाल्याचं भुसावळातही किती जणांना माहीत आहे, मला शंका आहे. परप्रांतातली गरीब मुलं, दाढीवाले सोबती, लांब पल्ल्याची गाडी, एवढ्यावर चित्र पूर्ण झालं होतं. नंदुरबार-सुरत मार्गावर दरवर्षी दिवाळीनंतर लेकराबाळांसह निघालेल्या ऊसतोड टोळ्यांना मात्र कोणी हटकत नाही. त्यांच्यासोबत मुकादम असतो, आणि तो ओळखीचा असतो.