रेल्वेतलं जेवण : चूल कुठे आणि पान कुठे

मेल-एक्स्प्रेस गाडीत 80 रुपयांना मिळणाऱ्या शाकाहारी थाळीत काय असावं, हे रेल्वेने ग्रॅममध्ये ठरवून दिलं आहे. भात 150 ग्रॅम, चार पोळ्या किंवा दोन पराठे मिळून 100 ग्रॅम, डाळ किंवा सांबार 150 ग्रॅम, मिक्स भाजी 100 ग्रॅम, दही 80 ग्रॅम आणि 12 ग्रॅमची लोणच्याची पुडी. कागदावरचं हे जेवण वाईट नाही. घरी इतकंच वाढलं तर कोणी तक्रार करणार नाही. तरी तेच जेवण डब्यात हातात पडतं तेव्हा पोळी चामट, भाताचा गोळा आणि डाळीत डाळ शोधावी लागते. हे का होतं ते कळायला अन्न शिजतं कुठे, खाल्लं जातं कुठे आणि मधल्या वाटेवर कोणाचा किती हिस्सा असतो, हे बघावं लागतं. गेल्या दीडशे वर्षांत ही तिन्ही उत्तरं अनेकदा बदलली आहेत.

1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा गाडीत खाण्याची सोय असण्याचं कारणच नव्हतं. रूळ लांबत गेले तसा हा प्रश्न उभा राहिला, आणि कंपन्यांनी तो स्टेशनवर सोडवला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेवर ब्रँडन, ईस्ट इंडियन रेल्वेवर केलनर, दक्षिणेत स्पेन्सर अशा खानपान कंपन्यांची उपाहारगृहं मोठ्या स्टेशनांवर निघाली. पुढे मेल गाड्यांना डायनिंग कार जोडल्या गेल्या, पण त्या वरच्या वर्गासाठी. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायला आतून वाट नसायची. त्यामुळे जेवायचं तर एका स्टेशनात उतरून डायनिंग कारमध्ये चढायचं आणि पुढच्या थांब्यापर्यंत तिथेच बसायचं. गैरसोय खरी, पण चुलीपासून टेबल दहा-पंधरा पावलांवर होतं.

तिसऱ्या वर्गाचं जेवण म्हणजे फलाट. तिथे हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं, उपाहारगृहंही वेगळी. 1917 मध्ये गांधीजींनी मुंबई ते मद्रास तिसऱ्या वर्गाने प्रवास करून त्या हालांबद्दल जाहीरपणे लिहिलं, त्यात स्टेशनवरच्या चहाचाही समाचार घेतला होता: साखर घाणेरडी, आणि दूध म्हणून जे घातलं जाई त्याने पाणी फक्त गढूळ होई. आपल्याकडे दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून निघायची पद्धत टिकली त्यात सोवळ्याचा भाग होताच, पण या चहाचाही असणार.

लांब पल्ल्याच्या गाडीत सामान्य प्रवाशाला बरं जेवण मिळण्यामागे वेळापत्रकाचा हात मोठा होता. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, कोळसा लागे, ठरावीक अंतरावर इंजिन बदलावं लागे. त्यामुळे मोठ्या जंक्शनवर गाडी निवांत थांबे. बेअरा आधीच्या टप्प्यात मागण्या लिहून घेई, आकडा तारेने पुढे जाई, गाडी लागताच भरलेल्या थाळ्या चढत आणि रिकाम्या थाळ्या पुढच्या स्टेशनात उतरत. स्वयंपाक जमिनीवर, हव्या त्या जागेत, नळाच्या पाण्यावर होई आणि भांड्यातून पानात यायला अर्धा तास लागे. आचारी तोच, शिधा तोच असला तरी एवढ्याने चवीत फरक पडतो.

हे थांबे हळूहळू गेले. इगतपुरीचं उदाहरण घ्या. मुंबईकडचा मार्ग 1500 व्होल्ट डीसीवर आणि पलीकडचा 25 हजार व्होल्ट एसीवर चालायचा, म्हणून तिथे इंजिन बदलत असे आणि तेवढ्या वेळात फलाटावर गरम खाणं खपत असे. 2015 पर्यंत मुंबईची बाजूही एसी झाली आणि थांबण्याचं ते कारण संपलं. कर्जतचा वडा मात्र टिकून आहे, कारण भोर घाटाची 1:37 ची चढण अजून तिथेच आहे आणि बहुतेक गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जोड इंजिन, लावायला थांबावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर खासगी ठेकेदारांबद्दल इतक्या तक्रारी आल्या की 1954 मध्ये ओ. व्ही. अळगेसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षापासून रेल्वेने स्वतः खानपान चालवायला सुरुवात केली. खात्याचे आचारी, खात्याचे बेअरे, ठरलेले दर. सेवा सुस्त होती, पण डाळ पातळ करण्यात कोणाचा फायदा नव्हता. मार्च 1969 मध्ये नवी दिल्ली–हावडा राजधानी सुरू झाली, 1972 मध्ये मुंबईची, 1988 मध्ये शताब्दी. या गाड्यांत जेवणाचे पैसे तिकिटातच घेतले गेले आणि ट्रे जागेवर येऊ लागला. सोय झाली, पण न आवडलेलं जेवण नाकारून पैसे वाचवायची मुभा गेली. ती 2017 पासून टप्प्याटप्प्याने परत मिळाली.

आता पॅन्ट्री कारच्या, म्हणजे गाडीतल्या स्वयंपाकाच्या डब्याच्या, आत डोकावू. गाडीत हजार-बाराशे प्रवासी आणि रात्री त्यातल्या पाचशे जणांनी थाळी मागितली असं धरा. 150 ग्रॅमच्या हिशोबाने 75 किलो शिजलेला भात लागतो, म्हणजे साधारण 25 किलो तांदूळ. डाळही 75 किलो. हे मोठ्या पातेल्यांत जमतं. अडतं ते पोळ्यांवर. पाचशे थाळ्यांना दोन हजार पोळ्या. अरुंद ओट्यावर, हलत्या गाडीत, तव्यावर मिनिटाला चार उतरल्या तरी आठ तासांच्या वर जातात. म्हणून पोळ्या बहुधा वाटेतल्या बेस किचनमधून, म्हणजे जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरातून, गठ्ठ्याने चढतात. गरम असतानाच एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये बांधल्या की आतली वाफ मधल्या पोळ्या ओल्या करते आणि कडेच्या वाळतात. तासाभराने त्या चामट होतातच. पराठ्यात तेल असल्याने तो थोडा जास्त तग धरतो. दोन्हींत निवड मिळाली तर पराठा घ्यावा.

भाताचा प्रश्न वेगळा. संध्याकाळी चारच्या सुमारास भात उतरला, साडेसहाला डब्यांत भरला, आणि गाडीच्या शेवटच्या बोगीपर्यंत वेंडर पोचेपर्यंत नऊ वाजले, तर तो पाच तास जुना झाला. शिजलेलं अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर राखलं तर जंतू वाढत नाहीत. पातेल्यात ते जमतं, पण फॉइलच्या उथळ डब्यात अन्न भरभर निवतं आणि धोक्याच्या टप्प्यात येतं. भातात बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. अंडाकरी खाऊन पोट बिघडलं असं माणूस म्हणतो तेव्हा दोष भाताचाही असू शकतो. डब्याच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब लटकलेले दिसले, भात चिकट लागला आणि डबा हाताला जेमतेम कोमट असला, तर दही-लोणच्याशी पोळी खाऊन भात सोडावा हे बरं.

पाणी हा पॅन्ट्रीचा सगळ्यात नाजूक भाग. टाकी मर्यादित, ती भरायची ठिकाणं ठरलेली, आणि गाडी उशिरा धावत असली की भरण्याचा वेळच पहिला कापला जातो. मग भांडी एकाच बादलीत बुचकळली जातात. डिसेंबर 2017 मध्ये चारमिनार एक्स्प्रेसचा वेंडर चहाचे कॅन घेऊन शौचालयातून बाहेर पडताना चित्रफितीत दिसला आणि ठेकेदाराला एक लाख रुपये दंड झाला. तो माणूस दोषी होताच, पण पाणी मिळायची धड जागा असती तर तो तिकडे गेला नसता.

पैशाची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खानपान आणि पर्यटन बघणाऱ्या आयआरसीटीसी या रेल्वेच्या कंपनीची स्थापना सप्टेंबर 1999 मध्ये झाली. 2005 च्या धोरणाने खानपान तिच्याकडे गेलं, ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना 2010 च्या धोरणाने ते परत विभागीय रेल्वेकडे आलं, आणि 2017 च्या धोरणाने पुन्हा आयआरसीटीसीकडे. ठेका दोन्हीकडे परवाना शुल्काच्या बोलीवरच सुटत राहिला. सर्वांत जास्त शुल्क देऊ करणाऱ्याला गाडी मिळते. थाळीचा दर मात्र रेल्वे ठरवते आणि तो वर्षानुवर्षं हलत नाही. शुल्क आधी भरलेलं, दर बांधलेला, वेंडरचं कमिशन विक्रीवर. मग वसुली होणार कशातून? 150 ग्रॅमची डाळ 120 वर येते, भाजीत बटाटा वाढतो, पाण्याच्या बाटलीवर पाच रुपये जास्त घेतले जातात आणि स्वस्त थाळी 'संपली' असं सांगून पनीरची महाग थाळी पुढे केली जाते. ठरावीक दराच्या थाळीबद्दल विचारलं की ती अनेकदा सापडते.

जुलै 2017 मध्ये सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल संसदेत आला. 74 स्टेशनं आणि 80 गाड्या तपासून त्यांनी लिहिलं की काही पदार्थ माणसाने खाण्याच्या लायकीचे नव्हते, शिळं अन्न पुन्हा वापरलं जात होतं, मुदत संपलेली पाकिटं विकली जात होती, पेयांना नळाचं न शुद्ध केलेलं पाणी वापरलं जात होतं, बिल दिलं जात नव्हतं. बातम्यांत झुरळं-उंदीर गाजले. अहवालातलं जास्त कामाचं निरीक्षण मागे पडलं: धोरण आणि जबाबदारी सारखी इकडून तिकडे फिरवल्याने अनिश्चितता आली. ठेका किती दिवस आपल्याकडे राहील याची खात्री नसेल तर कोण नवा बॉयलर घेईल?

2017 च्या धोरणाने शिजवणं आणि वाटणं वेगळं केलं. नोएडासारखी मोठी किचन आली, पुढे गाड्यांचे गट करून एकेका गटाला ठरावीक किचनं जोडायची पद्धत आली. जेवणाच्या डब्यांवर क्यूआर कोड आला, तो स्कॅन केला की किचनचं नाव आणि पॅकिंगची तारीख दिसते. 'बिल नाही तर जेवण फुकट' अशी सूचनाही लागली. दरम्यान जर्मन रचनेच्या नव्या एलएचबी डब्यांच्या गाड्यांत गॅस सिलिंडर हटवून विजेवरची उपकरणं बसवली जाऊ लागली. आगीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. चवीच्या दृष्टीने मात्र पॅन्ट्री आता मुख्यतः गरम करण्याची आणि चहा उकळण्याची जागा झाली. स्वच्छता सुधारली, पण चूल आणि पान यांतलं अंतर आणखी वाढलं.

त्याच्या उलट टोकाला डेक्कन क्वीन. 1 जून 1930 पासून धावणारी ही गाडी आजही डायनिंग कार बाळगून आहे, आणि 2022 मध्ये नवे डबे आले तेव्हा तिथे 32 ऐवजी 40 जणांची सोय झाली. कटलेट, ऑम्लेट, चीज टोस्ट, बेक्ड बीन्स. या यादीत अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकवावं लागणारं काही नाही, प्रत्येक पदार्थ मागितल्यावर तव्यावर पडतो, आणि प्रवास सव्वातीन तासांचा. सव्वातीन तासांच्या गाडीला जमतं ते तीस तासांच्या गाडीला तसंच्या तसं लागू करता येत नाही, पण यादी आखूड ठेवली की दर्जा राखता येतो, एवढं तरी तिथून उचलता आलं असतं. नांदेड–अमृतसर सचखंड एक्स्प्रेसमध्ये तर परभणी, जालना, भोपाळसारख्या थांब्यांवर लंगरचं गरम जेवण फुकट मिळतं. लोक घरूनच ताटं घेऊन निघतात.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शिजवलेलं अन्न बंद झालं आणि 14 फेब्रुवारी 2022 ला पूर्ण सुरू झालं. त्या दोन वर्षांत ई-केटरिंगची सवय लागली: पीएनआर टाकायचा, पुढच्या स्टेशनवरच्या हॉटेलातून जेवण जागेवर येतं. तारेने आकडा पाठवण्याचीच ही नवी आवृत्ती. अडचण गाडी उशिरा धावली की येते. हॉटेल वेळापत्रकाप्रमाणे पदार्थ बांधून ठेवतं आणि दीड तास उशिरा आलेल्या गाडीत तो तितकाच निवलेला असतो. शिवाय दोन मिनिटांच्या थांब्यात पोऱ्याला तुमची बोगी सापडेलच असं नाही. पाच-दहा मिनिटं थांबणारं जंक्शन निवडावं.

जनरल डब्यात पॅन्ट्रीचा वेंडर शिरूच शकत नाही, इतकी गर्दी असते. 2023 मध्ये रेल्वेने काही स्टेशनांवर नेमक्या या डब्यांसमोर काउंटर लावले: 20 रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं, म्हणजे जुना जनता खानाच. पुरी तळलेली, भाजी कोरडी, दोन्ही थंड खाल्ली तरी चालतात. काउंटर फलाटाच्या दोन्ही टोकांना, जनरल डबे जिथे लागतात तिथे असतात. गाडी लागायच्या आधी फलाटावर असाल तर तेव्हाच घ्यावं. गाडी लागल्यावर खिडकीपर्यंत हात पोचत नाही.