बारमाही बाग

वर्षाच्या कोणत्याही महिन्यात फूल, पालवी, सुगंध किंवा झाडाचा आकार यांपैकी काहीतरी पाहण्याजोगे राहील अशा बेताने आखलेली बाग. एकाच झाडाला बारा महिने फुलवणे तिथे अपेक्षित नसते. एकाचा बहर ओसरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा एवढेच पाहायचे असते. पुढील तपशील पुणे-सातारा या पठारी भागाला धरून आहे.

अशा बागा फसतात त्या बहुधा खरेदीतच. रोपवाटिकेत त्या दिवशी फुललेले असते तेच घरी येते. जानेवारीच्या एका फेरीत उभी राहिलेली बाग जुलैत नुसती हिरवी दिसते. म्हणून आधी कागदावर बारा रकाने पाडावेत आणि अंगणातल्या झाडांचे बहर त्यांत लिहावेत. जानेवारीत कुंद, मार्च ते मे मोगरा, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, मेच्या सुमारास फुटबॉल लिली, जून-जुलैत अनंत, भर पावसात जुई आणि तेरडा, पावसाळा सरताना पारिजातक, थंडीच्या तोंडावर कोरांटी, शेवंती, रक्तकांचन. जो रकाना रिकामा राहील, त्याच्यासाठीच नवे रोप आणावे. दसरा-दिवाळीनंतरचे काही आठवडे सर्वांत अवघड: तेरडा वाळलेला, झेंडू उतरलेला आणि हिवाळी रोपे अजून बोटभर. कोरांटीची दोन-तीन झुडपे ही फट सहज भरतात, तरी ती फारशी कोणी लावत नाही.

जागेचा दोन-तृतीयांश भाग कायमच्या झाडाझुडपांना आणि उरलेला हंगामी फुलांना, हे प्रमाण झेपणारे आहे. हंगामी वाफे वाढवले की लावणी-उपटणी वर्षभर पुरते. फुलांवाचूनही बाग कशी उभी राहते हे पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानात दिसते. जपानमधल्या ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवरील या बागेत पाणी, दगड, हिरवळीचे उतार आणि छाटलेली झुडपेच नजर धरून ठेवतात. घरच्या अंगणात हे काम देवचाफा करतो. थंडीत पाने गळाली की त्याच्या जाड, करड्या, दुभंगत गेलेल्या फांद्या मोकळ्या भिंतीपुढे फार देखण्या दिसतात.

उन्हाची पाहणी दोनदा करावी, मेमध्ये आणि डिसेंबरमध्ये. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर येतो. तेव्हा दक्षिणेकडच्या १० मीटर उंच इमारतीची सावली भरदुपारीही ९ मीटर लांब पडते. उन्हाळ्यात ऊन पाहून आखलेला पिटुनियासारख्या हिवाळी फुलांचा वाफा मग ऐन हंगामात सावलीत जातो. रोपे उंच, लुकडी होतात आणि फुले तुरळक येतात.

झुडपांसाठी २ फूट लांब-रुंद-खोल खड्डे मेमध्ये खणून तापू द्यावेत. चांगला पाऊस झाल्यावर माती आणि कुजलेले शेणखत भरून लावणी करावी. काळ्या मातीत पाणी साचते आणि पारिजातकाची मुळे कुजतात, म्हणून तो उंचवट्यावर लावावा. हिवाळी फुलांचे बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, १५ सेंमी उंच गादीवाफ्यावर टाकावे. ऑगस्टच्या ओलीत घाई केली तर कोवळी रोपे जमिनीलगत कुजून एका रात्रीत आडवी होतात. दसऱ्याच्या झेंडूचे बी मात्र जुलैत पडायला हवे.

बहराची वेळ छाटणीवर आणि पाण्यावरही ठरते. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. डिसेंबरात पाणी तोडून जानेवारीत निम्मी वाढ छाटली आणि शेणखत देऊन पाणी सुरू केले, की मार्चपासून फूल मिळते. गुलाब पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटावा. सुमारे दीड महिन्यात बहर येतो. बोगनवेलीला पाणी आणि नत्र जास्त झाले तर नुसती पाने माजतात.

जास्वंद जवळपास वर्षभर फुलते, म्हणून तिच्यावर सगळी भिस्त ठेवली जाते. पण पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड तिलाच आधी गाठते. शेंडे चुरगळलेले, बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली की तो शेंडा कापून नष्ट करावा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून, पानांच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी फवारावे. मुंग्या तशाच राहू दिल्या तर त्या कीड पुन्हा पसरवतात.