सरडे-सापांचं जग (कल्पित)

सस्तन प्राण्यांना कधी वावच मिळाला नाही आणि सगळ्या मोठ्या जागा सरडे, घोरपडी, सापांनी बळकावल्या, अशी कल्पिलेली पृथ्वी. सुरुवात ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापातापासून धरली तर सोपं जातं, तेव्हा डायनासोर गेले, साप-सरडेपण पुष्कळ मेले पण काही तगले, इथं फक्त तेव्हाचे चिमुकले सस्तन प्राणीही खलास झाले असं मानायचं. पक्षी ठेवायचे की नाही ते ज्याचं त्याने बघावं.

आकाराचं टेन्शन नाही. कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीत ज्याचे जीवाश्म सापडले तो वासुकी इंडिकस साप, वय ४.७ कोटी वर्षं, ११ ते १५ मीटर असावा असा अंदाज २०२४ मध्ये छापून आला, म्हणजे पणजी-मडगाव बसएवढा साप!

खरी गोची श्वासाची आहे. सरडा अंग डावी-उजवीकडे वळवत पळतो आणि श्वासालाही तेच बरगड्यांचे स्नायू लागतात, म्हणून धावताना दम पुरत नाही, थोडं पळून थांबतो. घोरपड मात्र गळा फुगवून हवा आत ढकलते, त्यामुळे माझ्या मते राज्य तिचंच. सापाला हात नाहीत, तो फार तर जहागीरदार.

दुसरी गोष्ट ऊन. त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण एक दशांश खाण्यात यांचं भागतं, पण अंग तापवायला बाहेरची ऊब लागते, म्हणजे हे राज्य बर्फाकडे सरकणारच नाही, गोव्यासारख्या ठिकाणी मात्र मजा. दिवाळीनंतर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सकाळी बघा, घोरपड चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, पोट चिकटवून पडलेली असते, शेपूट खाली लोंबतंय, डोळे अर्धे मिटलेले, दोन हातांवरून गेलात तरी ढिम्म. तासाभराने तिथंच पाऊल वाजवा, नुसता पाल्याचा आवाज येतो. त्या जगात घरं बहुतेक चिऱ्याचीच असती, तापलेला चिरा संध्याकाळीही बराच वेळ गरम राहतो.

तसं गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि सातेरी देवी म्हणून पूजतात, त्यामुळे सापाला मान द्यायचं कुणी शिकवायला नको. घुमट या मातीच्या वाद्यावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणायचे, आता कायद्यामुळे बकऱ्याचं लावतात, पण या जगात बकराच नाही.

आणि बकरा नाही तर पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उगवणारं गवत कोण खाणार? सरडे बहुतेक किडे किंवा मांस खाणारे, इग्वानासारखे पाला खाणारे मोजकेच, तेही दाढांनी रवंथ करत बसत नाहीत, तुकडा तोडतात आणि गिळतात. म्हशीच्या जागी म्हशीएवढा सरडा ठेवला की आधी त्याचं पोट नव्याने बनवावं लागतं.