घट्ट ऑइल आणि प्रेशरचा काटा

पावसाळा सरला की रविवारी पहाटे चांदणी चौकातून मुळशीकडे निघणाऱ्या गाड्यांत दोन-चार तरी पिळायलाच बाहेर काढलेल्या असतात: टर्बो पोलो, रीमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) ऑक्टेव्हिया, क्वचित एखादी मर्सिडीजची एएमजी. हौशी मालकांनी डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचं जादा मीटर बसवलेलं असतं. त्याच्या जोडीला एक सल्लाही फुकट मिळतो, नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानापासून चाकणपर्यंत कुठेही: “घट्ट ऑइल टाका, प्रेशर मस्त येतं.”

प्रेशर येतं, यात खोटं काही नाही. पण त्या काट्यावर नेमकं काय दिसतं?

इंजिनचा ऑइल पंप दर फेऱ्याला ठरावीक मापाचं ऑइल पुढे ढकलतो. ते फिल्टरमधून, ब्लॉकमधल्या वाटांनी क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगपर्यंत जातं आणि तिथल्या बारीक फटीतून निसटून पुन्हा खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, पडतं. वाटेत जेवढी अडवणूक, तेवढं प्रेशर. ऑइल घट्ट असेल तर फटीतून सावकाश सुटतं आणि काटा चढतो. रक्तदाब वाढला म्हणून रक्तपुरवठा सुधारला असं कुठला डॉक्टर म्हणत नाही, इथेही तसंच.

त्यात पंपाजवळ रिलीफ व्हॉल्व्ह असतो. प्रेशर ठरलेल्या मर्यादेला पोचलं, समजा ५ बारला, की तो उघडतो आणि वरचं ऑइल परस्पर मागे सोडतो. फार घट्ट ऑइल भरून इंजिन ६,००० आरपीएमवर नेलं तर काटा ५ वर ऐटीत उभा राहतो, पण बेअरिंगमधून जाणारं ऑइल कमी झालेलं असतं. बेअरिंगमधली उष्णता उचलून नेण्याचं कामही त्याच ऑइलचं. शिवाय घट्ट ऑइल स्वतःच्या आतल्या घर्षणाने जास्त तापतं आणि थोडी ताकदही खातं.

मग क्रँकला धातूवर घासण्यापासून वाचवतं कोण? याचं उत्तर मोटारींच्या आधीचं आहे. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर ऑइल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटी त्याने मीटर लावलं. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचामागे १०० पौंड होता आणि मीटर २००च्या पुढे गेलं! १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं: फिरणारा शाफ्ट ऑइलला निमुळत्या फटीत ओढत नेतो आणि तिथे प्रचंड दाब तयार होतो. आजच्या इंजिनात तो शेकडो बारपर्यंत जातो. पंपाचे चार-पाच बार त्यापुढे किरकोळ. पंपाने फक्त फट भरलेली ठेवायची.

फटीतल्या ऑइलच्या थराची जाडी ठरते ती ऑइल त्या क्षणी, त्या तापमानाला किती घट्ट आहे त्यावर. डब्यावरच्या ग्रेडला फसू नका. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या जे-३०० मानकाप्रमाणे ३० ग्रेड म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. पण १०० अंशांना ११ सेंटिस्टोक असणारं ५डब्ल्यू-३० ऑइल २० अंशांना दीडशेच्या वर असतं. म्हणून थंड इंजिनला प्रेशर उंच दिसतं, आणि म्हणूनच तेव्हा गाडी पिळायची नसते. उलट ताम्हिणी चढून परतताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असेल आणि ऑइल १३० अंशांना पोचलं, तर तेच ११चं सहा-साडेसहा होतं. १०० अंशांवरच्या २० ग्रेडपेक्षाही पातळ!

‘डब्ल्यू’ (म्हणजे विंटर) आधीच्या आकड्यावर पुण्यात होणारे वाद मला गमतीचे वाटतात. १०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. जानेवारीच्या पहाटे पाषाणला पारा दहाखाली गेला तरी दोन्ही ऑइलं आरामात वाहतात. पाहायचाच तर १५० अंशांना, जोरदार घुसळणीत मोजलेला घट्टपणा पाहा, ज्याला एचटीएचएस म्हणतात. बेअरिंगमधली परिस्थिती त्याच्याच जवळची असते. ३० ग्रेडला तो किमान २.९ (मिलिपास्कल-सेकंद या वेगळ्या एककात) लागतो, पण काही युरोपीय मानकांना त्याच ग्रेडमध्ये ३.५ हवा असतो. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० असं सारखंच छापलेलं असतं.

घट्ट ऑइल योग्य ठरतं अशी इंजिनं आहेतच. बीएमडब्ल्यूने आपल्या ‘एम’ गाड्यांच्या आठ हजार आरपीएमपर्यंत जाणाऱ्या काही इंजिनांना १०डब्ल्यू-६० सांगितलं होतं. जपानी कंपन्या दुसऱ्या टोकाला ०डब्ल्यू-८ पर्यंत गेल्या. ज्याची इंजिनातली फट, पंप आणि तापमान जसं, त्याचं ऑइल तसं. ट्रॅकवर ऑइल सतत १२० अंशांच्या वर राहत असेल तर एक ग्रेड वर जाणं समजण्यासारखं आहे, पण त्याआधी ऑइल कूलर बसवावा असं माझं मत. वळणावर काटा एकदम पडत असेल तर ग्रेडचा दोषच नाही: चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जाऊन पंपाच्या नळीत हवा शिरते. त्यावर इलाज चेंबरमध्ये आडपडदे घालणं किंवा ड्राय संप, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवण्याची व्यवस्था.

आजकाल अनेक पंपांचा पुरवठा ईसीयूच, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच, कमी-जास्त करतो. अशा गाडीत प्रेशर कमी दिसलं तर ते मुद्दाम ठेवलेलंही असू शकतं.

काट्याचा खरा उपयोग तुलनेला होतो. तेच तापमान, तेच आरपीएम, तेच ऑइल आणि तरी महिन्यागणिक प्रेशर उतरत असेल, तर कुठेतरी काहीतरी बिघडतंय. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधल्या छोट्या फेऱ्यांनी ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलं असेल, किंवा ऑइल तापल्यावरही घट्ट राहावं म्हणून त्यात घातलेल्या पॉलिमरच्या साखळ्या तुटल्या असतील. ऑइल बदललं की दोन्ही मिटतं. नाही मिटलं तर बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. फटीतून सुटणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट २५ टक्क्यांनी रुंदावली की गळती जवळपास दुप्पट. अशा इंजिनात ५० ग्रेड ओतला की काटा पुन्हा जागेवर येतो आणि गाडी विकलीही जाते. म्हणून जुनी परफॉर्मन्स कार घेताना इंजिन पूर्ण तापवून आयडलिंगचं प्रेशर बघा, आणि आत कुठला ग्रेड आहे ते बिलासकट विचारा.