श्वानपालन, नागरी (पुणे परिसर)

घरात कुत्रा ठेवून त्याची सुरक्षितता, शिस्त व स्वास्थ्य जपण्याची पद्धती. फाटकाशी साखळीने बांधलेल्या राखणदार कुत्र्याच्या जागी सदनिकेत कुटुंबासोबत राहणारा कुत्रा पुण्यात आता सर्रास आढळतो. त्याचे फिरणे, शौच व परक्यांशी संपर्क या तिन्ही गोष्टी मालकाच्या वेळापत्रकावर अवलंबून असतात. वाईट खोड म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच वर्तनाचे मूळ या अवलंबित्वात सापडते.

उगम व कालनिर्णय : करड्या लांडग्याच्या, आता नामशेष झालेल्या एखाद्या समूहापासून कुत्रा उत्पन्न झाला, याबद्दल सर्वसाधारण एकमत आहे. काळ व स्थळ यांबाबत मात्र मतभेद आहेत. बेल्जियममधील गोये गुहेत मिळालेली सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची कवटी काही अभ्यासक आद्य कुत्र्याची मानतात. इतरांच्या मते ती वेगळ्या ठेवणीच्या लांडग्याची असावी, आणि आनुवंशिकीय पुरावा या दुसऱ्या मताकडे झुकतो. त्यामानाने जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे १९१४ मध्ये उजेडात आलेले, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे दफन अधिक भरवशाचे आहे. तेथे एक स्त्री व एक पुरुष यांच्यासोबत कुत्र्याचे अल्पवयीन पिल्लू पुरलेले होते. त्याच्या दातांवरील खुणांवरून त्याला डिस्टेंपर हा रोग झाला असावा आणि माणसांच्या शुश्रूषेशिवाय ते तितके दिवस तगले नसते, असा निष्कर्ष काढण्यात आला आहे. तो ग्राह्य धरल्यास आजारी कुत्र्याची निगा ही श्वानपालनाच्या ज्ञात इतिहासाच्या आरंभापासूनची बाब ठरते. उगमस्थान म्हणून पूर्व आशिया, मध्य आशिया व यूरोप ही तिन्ही स्थाने सुचविली गेली आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन लांडग्यांच्या जनुकसंचांच्या अभ्यासात कुत्रे यूरोपीय लांडग्यांपेक्षा आशियाई लांडग्यांना अधिक जवळचे आढळले. तथापि प्रत्यक्ष पूर्वज समूह हाती लागलेला नाही.

महाराष्ट्रातील पुराव्यांत दायमाबाद (जि. अहिल्यानगर) येथे १९७४ मध्ये सापडलेला कांस्य रथ महत्त्वाचा असून त्याच्या दांड्यावर कुत्रा उभा दाखविला आहे. हे शिल्प उत्तर हडप्पा काळातील (सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातील), म्हणजे इ. स. पू. २००० च्या आसपासचे असावे, असे काही पुरातत्त्वज्ञांचे मत आहे. धातूच्या घटकांवरून ते बरेच अलीकडचे असावे, अशीही शंका घेतली गेली आहे. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. जेजुरीच्या खंडोबाशी व दत्तात्रेयाशी कुत्र्याचा असलेला संबंध सर्वपरिचित आहे.

वर्तन व शिक्षण : ‘कुत्र्यावर वर्चस्व गाजविले पाहिजे’ या समजुतीचा उगम बराचसा प्राणिवर्तनाचे अभ्यासक रूडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधील निरीक्षणांत आहे. ती निरीक्षणे बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांची होती. मोकळ्या रानातील कळप हा बहुधा आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंब असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिल्यावर या समजुतीचा आधारच ढासळला. कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणे, मानेला हिसके देणे, घाणीत नाक घासणे हे उपाय आजही सुचविले जातात. त्यांनी भीती वाढते. शिवाय गुरगुरण्यावर मार मिळालेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देताच चावतो. प्रस्तुत नोंदीत बक्षीस-पद्धतीलाच प्राधान्य दिले आहे.

‘बस’ शिकविताना हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा कुत्र्याच्या नाकाशी धरून हात सावकाश डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाते तसे ढुंगण आपोआप टेकते. टेकताक्षणी, शक्यतो सेकंदाच्या आत, ‘शाब्बास’ म्हणून तुकडा द्यावा. दोन सेकंद उशीर झाला की कुत्रा तोवर उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळते. हात फार उंच नेल्यास तो उडी मारतो. हालचाल पक्की झाल्यावरच शब्द जोडावा आणि तो एकदाच उच्चारावा. ‘बस, बस, अरे बस ना’ अशा घोषाने पहिले दोन शब्द निरर्थक ठरतात. घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. तीन ते पाच मिनिटांचे सत्र दिवसातून तीन-चार वेळा पुरते. पट्टा ओढणाऱ्या कुत्र्याबाबत पट्टा ताणला की जागीच थांबावे, सैल झाला की चालू लागावे. ओढूनही पुढे जाता आले तर ओढण्याची सवयच पक्की होते.

पिलाचा परिचयकाल (नव्या माणसांना व गोष्टींना ते सहज सरावते तो काळ) साधारण ३ ते १४ आठवड्यांचा असतो, तर मुख्य लसी १६ आठवड्यांपर्यंत चालतात. लसी पूर्ण होईपर्यंत पिलाला घराबाहेर काढू नये, हे मत पिलांना जीवघेणी हगवण लावणाऱ्या पार्वो विषाणूच्या भीतीमुळे रूढ झाले. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. परंतु परिचयकाल वाया गेल्यास आयुष्यभराचा भित्रेपणा पदरी पडतो. यावर मध्यममार्ग असा, की पिलाला जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन लिफ्ट, रिक्षा, हेल्मेटधारी माणसे, ढोल-ताशा यांचा लांबून व थोडा-थोडा परिचय करून द्यावा.

शौचाची शिस्त लावताना झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर पिलाला ठरलेल्या जागी न्यावे. काळ्या फिनाइलने फरशी पुसू नये, कारण त्यातील फिनॉल पंजे चाटताना पोटात जाते. पातळ व्हिनेगरने वास कमी होतो.

आरोग्य : पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देऊन १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा दिल्या जातात. आईकडून आलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) सुरुवातीच्या मात्रा निष्फळ करू शकतात, म्हणून शेवटची मात्रा चुकवू नये. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास व पुन्हा वर्षाने देतात. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस दर वर्षी पावसाळ्यापूर्वी देणे सोयीचे, आणि साचलेल्या डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये.

पुण्यात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा शत्रू म्हणजे तपकिरी गोचीड. अंगावर रक्त पिऊन ती खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते. म्हणून केवळ आंघोळ घालून उपयोग होत नाही. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली व शेपटीच्या मुळाशी रोज बोटे फिरवून पाहावे. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी व स्पिरिटमध्ये टाकावी. रॉकेल लावू नये, बोटांनी चिरडू नये. गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या एर्लिकिया व बबेसिया या रोगजंतूंच्या संसर्गात ताप, फिक्या हिरड्या, अन्नावरची वासना उडणे आणि कधी नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसतात. अशा वेळी रक्ततपासणी त्याच दिवशी करावी.

कुत्र्याचे शरीर-तापमान ३८.३° ते ३९.२° से. असते, ४१° से.च्या वर जीवाला धोका संभवतो. एप्रिल-मे महिन्यांत फिरणे सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर उरकावे. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकविता येत नसेल, तर पंजे भाजतात. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धोका अधिक. उष्माघात झाल्यास नळाचे पाणी अंगावर ओतून पंख्याखाली ठेवावे, तापमान ३९.५° से. झाले की थांबावे आणि ताबडतोब पशुवैद्य गाठावा.

स्वयंपाकघरातील कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही औषधे विषारी ठरतात. शिऱ्यातील बेदाणे आणि कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा यांकडे घरोघरी काणाडोळा होतो. शिजलेली हाडे टोकदार तुटून आतड्याला भोक पाडू शकतात. पोळी-दूध एवढ्यावर वाढविलेल्या पिलांत प्रथिने व कॅल्शियम अपुरे पडते.

बाह्य धोके व नियम : वेताळ टेकडी, तळजाई यांसारख्या ठिकाणी मोर व इतर वन्यजीव असल्याने पट्टा सोडू नये, गवतात घोणसही असते. सर्पदंश झाल्यास दंशाच्या जागी चिरा देऊ नये, घट्ट आवळू नये. कुत्र्याला चालू न देता उचलून न्यावे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य असल्याने तेथे रात्री त्याला बंद खोलीतच ठेवावे. दिवाळीत फटाके सुरू होण्यापूर्वी फिरवून आणावे व आतल्या खोलीत पंखा-टीव्ही चालू ठेवावा. भीतीवरील औषध पशुवैद्याकडून आधीच्या आठवड्यातच लिहून घ्यावे.

कुत्र्यासाठी पुणे महानगरपालिकेचा परवाना आवश्यक असून त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही किंवा लिफ्टचा वापर नाकारता येत नाही. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवतात, परंतु त्याची वाट पाहत उपचार लांबवीत नाहीत.